खालून तीन ठोके

झरी गावाच्या अलीकडं एका वाडीत नर्मदाबाईचं घर. घरापुढं अंगण आणि अंगणात गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून उभा असलेला तिच्या नवऱ्याचा जुना डिझेल ट्रक. नवरा तात्याराव मागल्या साली ह्याच दिवसांत गेला. काल त्याचं वर्षश्राद्ध झालं, पाव्हणे जेवून गेले, आणि आज सकाळी ट्रक चालू होईना. गोष्ट एवढीच, साधी.

धुकं दाट पडलं होतं. गोठ्यातली म्हैस दिसत नव्हती, नुसतं तिचं रवंथ ऐकू येत होतं. जिंतूरकडची ऊसतोडीची टोळी फाट्यावर लेकराबाळांसकट बसली होती. त्यांना कारखान्यावर न्यायचं काम नर्मदाबाईच्या पोराकडं, महारुद्रकडं. त्यानं किल्ली फिरवली. टक्. एकदाच. पुन्हा फिरवली. टक्.

"माय, सेल्फ अडकलाय. आज तू वर बस, किल्ली मार. मी खाली घुसतो न् ठोकतो."

"खाली पाय टाकलास तर तंगडी मोडीन," नर्मदाबाई म्हणाली.

"अगं पण मानसं खोळंबल्यात..."

"खोळंबू दे. मिस्त्रीला फोन लाव."

तिच्या आवाजानं पोरानं खिशातून फोन काढला. त्याला वाटलं, बाप ह्याच ट्रकखाली गेला म्हणून माय भेली. ते खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं नर्मदाबाईनं वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं.

इंजिनाला पहिला हिसका देणारा हा सेल्फ तात्यारावच्या काळापासूनच रडका. नवरा-बायकोनं त्याची रीत बसवून घेतली होती. तात्याराव टॉमी, लोखंडी दांडकं, घेऊन खाली झोपायचा, ती वर किल्लीपाशी. सेल्फवर तीन ठोके पडले की तिनं आधी गिअरचा दांडा हलवून बघायचा, सैल लागला, म्हणजे गिअर निघालेला असला, तरच किल्ली मारायची. हँडब्रेक धरत नव्हता, म्हणून ट्रक कायम गिअरात टाकून चाकाला धोंडा लावलेला असायचा. इंजिन लागलं की तात्याराव बाहेर सरकायचा आणि चासीवर, ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर, एक ठोका द्यायचा. तीन म्हणजे मी खाली हाय. एक म्हणजे मी निघालो.

त्या दिवशी चुलीवरचं दूध उतू चाललं होतं. करपल्याचा वास नाकात आला, तीन ठोके पडले, आणि नर्मदाबाईनं दांडा न हलवताच किल्ली मारली. ट्रकनं गुडघ्यावर उठल्यासारखी एक उडी घेतली. एक ठोका आलाच नाही. लोकांना तिनं सांगितलं, धोंडा सरकला.

चंद्रभान मिस्त्री आला तेव्हा धुकं तसंच होतं. मोटारसायकल दिसायच्या आधी नुसता तिचा आवाज अंगणात शिरला. तो तात्यारावचा जोडीदार, एका ताटात जेवलेला.

"काय वहिनी, म्हातारीनं मान टाकली काय?"

"म्हातारी कुनाला म्हनता? मला का ट्रकला?"

"तुमाला म्हनायची माझी टाप हाय व्हय," तो हसला, आणि कामाला लागला. हेडलाइट लावून महारुद्रला किल्ली फिरवायला लावली. दिवे जराही मंद झाले नाहीत. "बॅटरी झकास हाय." मग गिअर काढून, खाली वाकून त्यानं सेल्फच्या दोन जाड बोल्टांवर पाना आडवा धरला. निळी ठिणगी उडाली, पण फिरलं काहीच नाही. "सेल्फ मेलाय. नवा आनलाय मी, टाकून देतो."

चाक हलू नये म्हणून महारुद्रनं ट्रक पुन्हा गिअरात टाकला. चंद्रभाननं बॅटरीची वायर सोडली, बोल्ट काढले आणि जुना सेल्फ पोत्यावर आणून ठेवला. मागचं झाकण उघडलं, आणि उगाच पान्यानं आत टोकरत बसला.

"महारुद्र... ह्यो कवा बंद पडला म्हनलास?"

"आज. काल श्राद्धाच्या गडबडीत गाडी लावलीच न्हाई. परवापस्तोर रोज चालू व्हायचा."

"न्हाई लेकरा. ह्यो वरीसभर फिरलेला न्हाई. बघ."

आतली तार काळी कोळसा झाली होती. दातेरी चाक गंजून एकजीव. आणि झाकणाच्या आत माती वाहणाऱ्या माशीनं बांधलेलं घर, वाळलेलं, टणक, रिकामं.

"असं कसं?" महारुद्र म्हणाला. "रोज सकाळी मी वर बसलो की माय खालून तीनदा ठोकायची, मग लागायचा."

नर्मदाबाईच्या हातातली चहाची किटली थांबली.

"म्या?"

"मग कोन? मी आरशात कवा बघितलं न्हाई... पन ठोके तर रोज यायचे."

ती वर्षभरात ट्रकच्या सावलीलासुद्धा गेली नव्हती. ट्रक लागला की ती चुलीपाशी कान झाकून बसायची. धुकं अंगणात पाण्यासारखं साचलं होतं, आणि सगळे आवाज त्याच्या तळातून आल्यागत येत होते.

चंद्रभाननं गुमान नवा सेल्फ चढवला. वायर जोडली. "वहिनी, तुमी किल्ली मारा. तात्यारावच्या माघारी तुमचाच मान. मी खालून निघालो की सांगतो."

नको म्हणावं असं तिला वाटलं, पण पाय आपोआप चालले. वर केबिनमध्ये डिझेलचा आणि जुन्या रेक्झिनचा वास. तिनं किल्ली धरली.

ठक्. ठक्. ठक्.

तिचा हात गिअरच्या दांड्याकडं गेला. दांडा घट्ट. महारुद्रनं टाकलेला गिअर काढायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. तिनं दांडा ओढला, सैल केला, दोनदा हलवून बघितला. मग खिडकीतून वाकली.

चंद्रभान बादलीपाशी हात धूत होता. महारुद्र त्याच्या हातावर पाणी घालत होता.

"मिस्त्री... खाली कोन हाय?"

"कोनी न्हाई की. मारा."

"तुमी ठोकलं?"

"नव्या सेल्फला कोन ठोकतंय, वहिनी?"

नर्मदाबाईनं काच वर केली. पायाखालच्या पत्र्याकडं बघून ती हळू बोलली, "अवो... गिअर काढलाय. त्या दिवशी काढला न्हवता. धोंडा सरकला न्हाई, म्याच... दूध करपलं म्हनून... ऐकायलाय ना?"

तिनं किल्ली फिरवली. इंजिन एका दमात लागलं. ट्रक जागचा हलला नाही. धुकं थरथरलं. आणि त्या सगळ्या धडधडीच्या खालून, अगदी स्पष्ट, चासीवर एक ठोका आला.

एकच.

तिच्या डोळ्यांतून धार लागली. वर्षभर छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. महारुद्र वर चढला, मायला हाताला धरून उतरवलं, आणि ट्रक मागं घेऊन फाट्याकडं गेला. चंद्रभानही गेला. दोन्ही आवाज धुक्यात विरून गेले. अंगणात उरला तेलाचा डाग आणि पोत्यावरचा जुना सेल्फ.

नर्मदाबाई घराकडं वळली. चहा बाहेर आणताना तिनं दार सताड उघडं ठेवलं होतं. आता ते लागलेलं होतं. तिनं ढकललं, हललं नाही. खांदा लावला. कडी आतून होती.

घराला दुसरं दार नाही. आत कुणी माणूस नाही. चूल तिनं कवाच विझवलेली.

फटीतून दूध करपल्याचा वास येत होता.

तिनं दारावर ठोकायला मूठ उचलली, आणि तशीच उभी राहिली. एकदा ठोकावं का तीनदा, ते तिला कळेना.