अकोल्याचा तिसरा डबा

तीन डबे एकाच खोक्यात होते, सुटे विकायचे नव्हते, आणि गिऱ्हाईकं दोन होती.

अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या त्या दुकानात नीलम पोचली, तेव्हा तिला हवं असलेलं खोकं काउंटरवरच होतं आणि त्यावर एका तरुणाचा हात होता. नुसता ठेवलेला नव्हे... एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तसा.

“हे मेश वाय-फायचं हाये ना, घरभर नेट पोचवणारं? मले पाहिजे होतं,” ती म्हणाली.

“मलेबी. अन् मी अकोल्याहून आलो.”

“मंग अकोल्यातच घ्यायचं होतं ना जी!”

“तिथं असतं तं आपली भेट कशी झाली असती?” तो बोलून गेला, आणि आपण काय बोललो हे ध्यानात आल्यावर त्याचे कानच लाल झाले. नीलमने हसू दाबलं. धीट माणसाचा राग येतो. पण धीट होऊन लगेच घाबरणाऱ्या माणसाचं काय करावं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुकानदार जीवनभाऊ मध्ये पडले. “ताई, साधा रिपीटर घेऊन जा ना. स्वस्तात काम होते.”

“नको. रिपीटरवर खोली बदलली की फोन तुटतो. अन् आमचे बाबा बोलता बोलता घरभर फिरतात.” ती थांबली. मग दुकानदाराला सोडून त्या अनोळखी तरुणालाच सांगू लागली. का, ते तिलाही कळलं नाही. “दिवाळीत बाबा मांगच्या अंगणात घसरून पडले. फोन खिशात होता, पण तिथं वाय-फाय नाही अन् नेटवर्कबी नाही. मी कॉलेजातून येईपर्यंत तसेच पडून होते. आता मी नेदरलँड्सले चालली, संशोधनासाठी, दोन वर्षं. घरात एकटेच राहणार. त्यांचं तोंड मले घराच्या कोनाकोपऱ्यातून दिसलं पाहिजे. नाही दिसलं तं मी जाणार नाही.”

तरुणाचा हात खोक्यावरून आपोआप सुटला.

“मायेबी बाबाच हायेत,” तो म्हणाला. “लकव्यानं पडून. खाली मायं मेडिकल, वर मांगच्या खोलीत ते. दुकानात बसून कॅमेऱ्यातून पाहत राहतो, पण चित्र अडकते. असलेच दोन डब्बे हायेत घरी, एक कमी पडून राह्यला.”

त्याचं नाव स्वप्निल. त्याने काउंटरच्या काचेवरच्या धुळीत तिला बोटाने घर काढायला लावलं. घर लांबच लांब. समोर बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, त्यामागे बाबांची खोली आणि शेवटी अंगण. बाबांच्या पगारात जसजसं जमलं तसतसं मागे मागे वाढत गेलेलं. प्रत्येक भिंत वेगळ्या साली बांधलेली आणि प्रत्येक साली गवंड्याने जरा जास्तच जाड केलेली. स्वप्निलने ते चित्र डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने निकाल दिला, “तुमचं दोनात भागते.”

तिने विश्वास ठेवला. दोन डबे अमरावतीत राहिले, तिसरा अकोल्याला गेला. बिल एकच, वॉरंटी एकच; तेव्हा एकमेकांचे फोन नंबर घेणं भागच होतं. दोघांनीही हे कारण अगदी गंभीर चेहऱ्याने मान्य केलं.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. “दोनात भागत नाही जी.”

“डब्बा ठेवला कुठी?”

“बाबांच्या खोलीत. जिथं येत नाही तिथंच ठेवीन ना!”

तो मनापासून हसला. “अवो, जिथं त्याले स्वतःलेच काही भेटत नाही, तिथून तो दुसऱ्याले काय देईन? मधात ठेवा. जिथवर बरं येते तिथं. मंग तो पुढं पोचवते.”

“फोनवर नाही समजत मले. येऊन दाखवा.”

तिला सगळं समजलं होतं. माती आणि बुरशी यांवर पीएचडी केलेली मुलगी होती ती.

“रविवारी... दुकान दुपारून बंद असते,” तो म्हणाला.

रविवारी तो बडनेऱ्याला उतरून आला. दारातच तिचे वडील मोतीराम उभे. कृषी खात्यातून निवृत्त झालेले, उंच, बोलायला रोखठोक.

“जय भीम, काका.”

“जय भीम. अकोल्याहून डब्बा सरकवाले आले?”

“हो जी.”

“रिकामचोट नाही ना?”

“बाबा!” नीलम ओरडली. पण मोतीराम हसत होते. त्यांना पोरगा आवडल्याचं ते लक्षण होतं.

दुसरा डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर गेला. अॅपने खोलीचं नाव विचारलं, तेव्हा नीलमने पहिल्याला ‘बैठक’ आणि दुसऱ्याला ‘स्वयंपाकघर’ असं नाव दिलं. मग तपासणी. ती फोन घेऊन अंगणात गेली, तो बैठकीत बसला, आणि दोघांनी एकाच घरातून एकमेकांना व्हिडिओ कॉल लावला.

“दिसतो का?”

“दिसता.”

“आता?”

“आता अडकले. तोंड उघडं ठेवून... मासोळीवानी.”

“तुमीबी अडकल्या मंग.”

“मी कशी दिसून राह्यली?”

पलीकडून काहीच आवाज आला नाही. “नेटवर्क गेलं वाटते,” ती म्हणाली.

“नाही,” तो हळूच म्हणाला. “नेटवर्क चांगलं हाये.”

त्यानंतर रोज संध्याकाळी त्याचा फोन यायला लागला, तपासणीसाठी. बसवलेलं यंत्र रोज तपासावं लागतं, असं कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं; पण ह्या दोघांनी ते मनानेच लिहून घेतलं होतं. ती अंगणात लख्ख धुतलेल्या फरशीवर बसायची. तो दुकानात बसायचा आणि मध्येच “थांबा, गिऱ्हाईक आलं” म्हणून गोळ्यांच्या पाकिटांमागे अदृश्य व्हायचा. “रात्री जेवून घ्या बरं, खाली पोटी नका घेऊ,” असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा, आणि नीलमला वाटायचं, आपल्याला कोणी असं सांगणारं असावं. आई गेल्यापासून घरात ती वाक्यं तीच बोलायची.

होळीच्या सुमारास स्वप्निलचे वडील गेले.

नीलम आणि मोतीराम अकोल्याला भेटायला गेले. खाली माणसं बसलेली होती. स्वप्निलच्या आईने नीलमला वर पाणी प्यायला नेलं, तेव्हा ती मागची खोली दिसली. पलंगावरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. खिडकीच्या कट्ट्यावर तिसरा डबा, त्याचा हिरवा दिवा लागलेला. ज्याच्यासाठी आणला तो माणूस नव्हता आणि दिवा बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं. नीलमला तिथेच रडू आलं.

आणि मग चैत्र तापला.

वऱ्हाडात उन्हाळ्याचं पहिलं काम म्हणजे अडगळीतला कूलर बाहेर काढणं. मोतीरामांचा कूलर जुना, लोखंडी, कपाटाएवढा. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी गळ्यापर्यंत भरली, आणि दरवर्षीप्रमाणे तो स्वयंपाकघर आणि बाबांची खोली यांच्या मधल्या दारात उभा केला. घरभर ओल्या ताट्यांचा वास सुटला... आणि मागच्या खोलीतलं वाय-फाय मेलं. एवढं लोखंड आणि त्यात एवढं पाणी. त्यापुढे त्या बिचाऱ्या डब्याचं काय चालणार? थंडीत घर मोजायला बसलेल्या दोघा वऱ्हाडी माणसांना कूलर आठवू नये, याला प्रेमाशिवाय दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

नीलमने डबा इकडे ठेवून पाहिला, तिकडे ठेवून पाहिला. अजून एक लागणार होता. बाहेरून, खिडकीच्या अंगाने. संध्याकाळच्या फोनवर तिने हे स्वप्निललाही सांगितलं. जीवनभाऊंनी हात वर केले, “ते मॉडेलच बंद झालं ताई. नवं घेसान तं तिन्ही नवे घ्या. तेबी येतीन तवा येतीन.” जायचा दिवस तोंडावर आला होता.

एका दुपारी ती बाहेरून आली, तर कूलर अंगणात ढकललेला. आत बाबा पलंगावर बसलेले, बनियन घामाने चिकटलेली, डोक्यावर ओला दुपट्टा, हातात फोन.

“लाव फोन,” ते म्हणाले. “पाह्य, दिसून राह्यलो का मी?”

तिने समोर उभं राहूनच फोन लावला. चित्र स्वच्छ आलं. कपाळावरून ओघळणारा घामसुद्धा दिसत होता.

“दिसता, बाबा.”

“मंग जा. मायं काय, दोन उन्हाळे तं हायेत.”

संध्याकाळी तिने स्वप्निलला फोन लावला. “मी जाणं रद्द करतो म्हणतो.” घाबरली की ती लहानपणासारखी मुलग्याच्या थाटात बोलायची. “बाबा कूलर काढून बसले होते. असं नाही पाह्यवत मले. मी इथंच राहतो.”

त्याने समोरच्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं.

“बरं झालं, असं म्हणू का?” त्याने विचारलं.

“म्हणा ना...”

पण तो म्हणाला नाही. “काका कूलरबिगर होते? दिवसभर?” एवढंच विचारून त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी तो दारात उभा. रविवार नव्हता. पाण्याने भिजवलेला रुमाल डोक्याला, खांद्याला पिशवी. तिने माठातलं पाणी दिलं. पाणी पिऊन त्याने पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. नीलमने तो लगेच ओळखला.

“होळीपासून रिकामाच होता,” तो म्हणाला. “ज्या दिवशी तुमी म्हटलं कूलर मधात येते, त्याच दिवशी मले समजलं होतं, हा इकडं आणला की काम होते. नाही आणला. मनात म्हटलं... राहू दे. चालूच नये हे. तुमी थांबसान.”

नीलमने मान खाली घातली. “मीबी पाह्यला होता हा, तुमच्या घरी. दिवा चालू होता. मले माहीत होतं तुमच्यापाशी हाये म्हणून.”

“मंग मागितला काहून नाही?”

“तुमी दिला काहून नाही?”

आणखी काही सांगायचं उरलंच नव्हतं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, तिचं त्याच्यावर होतं, आणि ते एका पांढऱ्या डब्याने दोघांच्या तोंडून काढून घेतलं होतं.

“मंग आज काहून आणला?”

“दिवसभर दुकानात उन्हानं पडलेली माणसं पाह्यतो मी, नीलम.” पहिल्यांदाच त्याने तिला नुसत्या नावाने हाक मारली. “तुमचे बाबा तुमाले पाठवाले तापून राह्यले, अन् मी तुमाले थांबवाले डब्बा दाबून बसलो. उद्या मलेच मायं तोंड पाह्यवलं नसतं.”

“तुमी या ना तिकडं.”

“आई एकटी हाये. दुकान हाये.”

“मंग मले थांब म्हणा.”

“म्हटलं तं थांबसान?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. “हो.”

“म्हणून तं नाही म्हणत,” तो म्हणाला, आणि उठून खिडकीपाशी तार कुठून न्यायची ते पाहू लागला. त्याची पाठ तिच्याकडे होती. बराच वेळ त्याने ती वळवली नाही.

डबा बसला. कूलर पुन्हा दारात आला, बाबांच्या खोलीत गारवा आला आणि चित्रही आलं. अॅपने तिसऱ्या डब्याचं नाव विचारलं. नीलमने फोन त्याच्या हातात दिला. त्याने थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘अकोला’.

ती गेली.

परदेशातल्या तिच्या खोलीत रोज सकाळी ती आधी अॅप उघडायची. बैठक, स्वयंपाकघर, अकोला. तिन्ही हिरवे असले की दिवस सुरू व्हायचा. स्वप्निल अधूनमधून रविवारी मोतीरामांकडे जायचा, त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोचवायचा. दोघांच्या गप्पा रंगल्याचं ती बाबांकडून ऐकायची. तपासणीचे फोन मात्र हळूहळू कमी झाले. दुसऱ्या वर्षी तिचं काम आणखी दोन वर्षांनी वाढलं, तिने त्याला कळवलं, तेव्हा तो “वा!” म्हणाला होता.

पुढच्या चैत्रात बाबांचा फोन आला. ते फोन हातात धरून घरभर चालत निघाले. बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर, त्यांची खोली. चित्र कुठेही अडखळलं नाही. अंगणात स्वप्निल कूलरला नव्या ताट्या बसवत होता.

“घे, बोल याच्यासंग. मी चहा मांडतो,” म्हणत मोतीरामांनी फोन त्याच्या ओल्या हातात दिला आणि ते लगबगीने आत गेले.

“दिसतो का?” त्याने विचारलं.

“दिसता.”

“आईनं धामणगावची पोरगी पाह्यली. नर्स हाये. चांगली हाये स्वभावानं.” तो थांबला. “मी हो म्हटलं.”

“चांगलं केलं,” नीलम म्हणाली. आवाज बरा निघाला. चेहऱ्याचं मात्र तिला काही करता येईना. तिला वाटलं, आता अडकावं चित्र. पूर्वी कसं भलत्या वेळी अडकायचं, तोंड उघडं, डोळे मिटलेले... आता एकदा, थोडंसं अडकावं, डोळे पुसण्यापुरतं. पण डबा अगदी योग्य जागी बसवलेला होता. चित्र अडकलं नाही. आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

“नेटवर्क गेलं वाटते,” ती कशीबशी म्हणाली.

“नाही,” स्वप्निल म्हणाला. “नेटवर्क चांगलं हाये.”