पंपाचं बटण

इंजिन विकायचं नाही, हे मी फोनवरच सांगितलं होतं. तरी तुम्ही एवढा रस्ता चढून आलात, म्हणजे तुमच्याही फोर-व्हीलचं पेट्रोल इंजिन बसलंय आणि तुम्हाला डिझेल टाकायचंय. टाका. बेत चांगला आहे. पण हे नाही मिळणार. बसा, चहा घ्या. वीज गेलीये, तो हातदिवा इकडे सरकवा. का नाही ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच इंजिन शोधत निघाले होते. बाबांच्या मागे हे गॅरेज मी चालवते. बाई मेकॅनिक म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग गाडी बंद पडली की येतात. मला त्याचं काही वाटत नाही. थोरल्या बहिणीला, ताईला, मात्र वाटायचं. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. माझ्या हातांचं ग्रीस ती कपडे धुण्याच्या ब्रशनं घासून काढायची आणि घासताना शिव्या घालायची.

त्या ताईच्या किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी खाली दवाखान्यात नेऊन मशीनवर रक्त धुवायचं, अडतीस किलोमीटर. मधला रस्ता पावसात वाहून गेलेला, बस बंद. त्या दगडमातीतून चढेल अशी गाडी वरच्या वस्तीत एकच, बाबांचा हा जुना, चारही चाकांना जोर लागणारा फोर-व्हील ट्रक. आणि एका मंगळवारी ताईला परत आणताना, घर दोन वळणांवर असताना, इंजिनाचा रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. मंगळवार झाला होता. शुक्रवारी न्यायचं कसं? डॉक्टरांनी बजावलं होतं की एक वारी चुकली तर पुढची खात्री देता येणार नाही.

बुधवारी सकाळी दूधवाल्याच्या मोटारसायकलवर बसून मी अर्ध्या वाटेवरच्या भंगारवाल्याकडे गेले. त्याच्या आवारात कोपऱ्यात हे इंजिन लाकडी ओंडक्यांवर ठेवलेलं होतं. चार सिलिंडरचं डिझेल, जुन्या पद्धतीचं. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. बाकी सगळं इंजिनांचं सामान उघड्यावर, हे एकच झाकलेलं.

"चालतं?" मी विचारलं.

"चालतं. पण आधी ऐकून घ्या, ही गाडी माझ्याकडे कशी..."

"चालतं ना? मग बाकीचं नंतर."

बाबांचा नियम होता. मेलेल्या गाडीचं इंजिन घेताना आधी विचारायचं, गाडी कशानं मेली. तीस वर्षं मी तो पाळला. त्या दिवशी विचारलं नाही. सांगायला तयार असलेल्या माणसाचं तोंड बंद केलं. त्यानंच ट्रॅक्टर लावून इंजिन रस्ता तुटला होता तिथपर्यंत आणलं, तिथून सहा जणांनी बांबूला बांधून वर चढवलं.

मदतीला भाऊजी. ताईचे यजमान टेलर, आयुष्यात पाना धरलेला नाही. पण घरात हात चोळत बसण्यापेक्षा ते गळ्यात टेप घालून आले आणि बॉनेटखालच्या रिकाम्या जागेची मापं घेऊ लागले. "छाती ठीक आहे," म्हणाले, "पोटाला दोन बोटं कमी पडतील." आणि खरंच तितकीच कमी पडली. रेडिएटर पुढे सरकवला. इंजिन ज्यावर बसतं ती जुनी माउंटिंग कापून नवी वेल्ड केली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची भोकं जुळेनात, तेव्हा जाड पत्र्याची तबकडी कापून मध्ये घातली. त्या तबकडीचा कागदी नमुना भाऊजींनी इतका नेमका बेतला की मी त्यांना म्हटलं, तुम्ही उगाच पायजमे शिवत आयुष्य घालवलंत. दोन दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, तुम्ही पेट्रोलवाले. डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा शिरला तरी इंजिन बंद. मग इंजिनाच्या अंगाला हा छोटा पंप असतो ना, त्याच्या डोक्यावरचं बटण फिरवून सैल करायचं आणि अंगठ्यानं दाबत राहायचं. खट्... खट्... हवा निघेपर्यंत. काम झालं की बटण फिरवून पुन्हा घट्ट बसवायचं. सैल राहिलं की ते असं बोटभर वर येऊन उभं राहतं.

गुरुवारी सकाळी ते वर आलेलं होतं.

मी भाऊजींकडे बघितलं. "भाऊजी, ह्या बटणाला काजं नसतात. हात लावू नका."

"मी कशाला लावू?" ते म्हणाले.

घट्ट केलं, कामाला लागले. शुक्रवारी सकाळी पुन्हा वर. खाली फरशीवर डिझेलचे पाच-सहा थेंब. त्या वेळी इंजिनाला डिझेलची नळी जोडलेलीच नव्हती... मी पकड घेऊन बटण आवळलं आणि फडक्यानं थेंब पुसले. विचार केला नाही, कारण विचार करायला वेळ नव्हता. दुपारी तीनला ताईला मशीनवर घ्यायचं होतं.

टाकीपासून पंपापर्यंत नवी नळी हवी होती. ती आणायला खाली जायला हवं, आणि खाली जायला गाडी हवी. म्हणून मी जुनीच पेट्रोलची रबरी नळी लावली. पेट्रोल इंजिन तेवढी चिरलेली नळी चालवून घेतं. डिझेल घेत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण हात सवयीनं चालले. हवा काढायला एरवी पन्नास वेळा दाबावं लागतं. मी तीनदा दाबलं आणि पंप कडक झाला. अकरा वाजता इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. भाऊजींनी ट्रकच्या दाराला हात जोडले.

ताईला मागे गादीवर झोपवलं. तिचा चेहरा सुजला होता, श्वास उथळ. केबिनच्या मागची खिडकी उघडी ठेवली, म्हणजे तिचा आवाज ऐकू यावा. भाऊजी माझ्या शेजारी बसले. बाहेर भर दुपारी असं धुकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना.

तुटलेला रस्ता पार केला. जीव जरा भांड्यात पडला. आणि खालच्या लांब चढावर डिझेलचा वास आला. मग इंजिन खोकलं. एकदा, दोनदा. पायाखालचा जोर गेला. मला त्या क्षणी ती नळी डोळ्यांसमोर दिसली, तिची चीर दिसली, आणि मी स्वतःला जी शिवी दिली ती भाऊजींनी आजवर ऐकली नसेल. गाडी रांगायला लागली. एकदा थांबली असती तर त्या चढावर, त्या धुक्यात, पुन्हा सुरू झाली नसती.

तेव्हा आवाज आला.

खट्... खट्... खट्...

बॉनेटच्या आतून. एका लयीत. कुणीतरी अंगठ्यानं दाबावं तसा. आणि इंजिनानं श्वास घेतला, उचललं, चढ ओढायला लागलं.

"काही सुटलंय का गं?" भाऊजी पुटपुटले.

"नाही."

"मग हे..."

"भाऊजी, पुढे बघू नका. मागे ताईकडे बघा."

कारण पुढे मी बघितलं होतं. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना खिटी असते. दोन्ही मी स्वतः लावल्या होत्या. डावीकडची उघडी होती आणि बॉनेट त्या बाजूनं वीतभर उचललेलं होतं. आत हात घालायला जेवढं लागतं तेवढंच. धुकं त्या फटीतून आत जात होतं... आणि एका जागी जात नव्हतं. तिथं काहीतरी होतं, त्याला वळसा घालून जात होतं.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू. पण ताई मागे होती. मी दात आवळले आणि म्हटलं, जो कोणी आहेस तो दाब बाबा, मी थांबत नाही.

पुढचे अकरा किलोमीटर तो आवाज थांबला नाही. दमल्यासारखा मंद व्हायचा, इंजिन खोकायचं, की पुन्हा जोरात. मागून ताई कुणाशी तरी बोलत होती. "हो... हो बाई... आता पोचू," असं. भाऊजींनी मागच्या खिडकीतून तिचा हात धरलेला.

दवाखान्याच्या दारात मी इंजिन बंद करायची तार ओढली. बंद झालं नाही. वॉर्डबॉयनी स्ट्रेचर आणलं. ताईनं डोळे उघडले आणि माझी बाही धरली.

"पुढच्या माणसाला सांग, पोचलो म्हणून. त्याची बायको मघापासून मला विचारतेय."

तिला आत नेलं. मी बॉनेट उघडलं. नळी पंपापासून केव्हाच निसटून खाली लोंबत होती, तोंड कोरडं. इंजिनाला डिझेल येत नव्हतं आणि इंजिन चालू होतं. आणि ते बटण आपोआप खाली जात होतं, वर येत होतं. हळू. फार दमून.

मी आत वाकले. आणि म्हटलं, "पोचलो... पोचलो हो आपण."

बटण खाली गेलं आणि खालीच राहिलं. इंजिन थांबलं. मी ते फिरवून बसवलं तेव्हा ते गरम होतं आणि बोटांना चिकट लागलं. बोटं मी बघितली नाहीत, पँटला पुसली.

ताई वाचली. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्याकडे गेले आणि म्हटलं, आता सांगा. त्यानं सांगितलं. एक माणूस आजारी बायकोला घेऊन त्याच दवाखान्यात निघाला होता. अकरा किलोमीटर राहिले असताना, त्याच चढावर, नळीत हवा शिरली. तो रात्रभर पंप दाबत राहिला. सकाळी लोकांना सापडला तेव्हा बायको मागे केव्हाच गेलेली होती. तो अजून दाबत होता. अंगठ्याला कातडी उरली नव्हती. हात ओढून सोडवावा लागला. चौथ्या दिवशी तोही गेला.

"त्याला कुणी थांब म्हटलं नाही?" मी विचारलं.

"सगळ्यांनी म्हटलं. त्याला थांब ऐकायचं नव्हतं. सारखं विचारायचा, पोचलो का."

मी नवी नळी टाकली. इंजिन तेच ठेवलं. दुसरं आणायला वेळ कुठे होता, आणि खरं सांगायचं तर ह्याच्याइतका भरवसा मला दुसऱ्या कशाचा वाटला नसता. तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा. दवाखान्याच्या दारात तार ओढून ते कधीच थांबलं नाही. बॉनेटवर हात ठेवून "पोचलो" म्हटलं की थांबायचं. ताई चिडवायची, "माझ्यापेक्षा त्याच्याशीच गोड बोलतेस."

मागच्या महिन्यात, एका शुक्रवारी, त्याच चढावर ताईनं मागून विचारलं, "पोचलो का गं?" मी म्हटलं, "आलंच." मग ती काही बोलली नाही. मी गाडी थांबवली नाही. दारात स्ट्रेचर आलं, डॉक्टर आले, त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. भाऊजी पायरीवर बसले.

आणि मला तो शब्द बोलता आला नाही. बॉनेटवर हात ठेवला, तोंड उघडलं, पण कसं म्हणू? ताई पोचली नव्हती. इंजिन तासभर तसंच धडधडत राहिलं आणि मग आपोआप गप्प झालं.

तेव्हापासून रोज सकाळी बटण वर असतं. खाली डिझेल. आणि माझा अंगठा असा.

भाऊजी म्हणाले, तू झोपेत उठून जात असशील, दुःखानं होतं असं. मलाही तेच वाटलं, बरंही वाटलं. म्हणून काल त्यांनी माझ्या खोलीला बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपले. सकाळी कुलूप तसंच होतं. त्यांनीच उघडलं. बटण मात्र वर होतं, आणि माझ्या अंगठ्याची साल नव्यानं निघालेली.

इंजिन मी विकणार नाही. कुणाच्या गळ्यात मारणार नाही. एक दिवस मी त्याच्यासमोर उभी राहून तो शब्द म्हणेन, माझ्या ताईसाठी आणि त्याच्या बायकोसाठीही. म्हणणार आहे मी. अजून जमत नाही, एवढंच.

दिवा जरा जवळ धरा. ही साल निघालीये ती बघा, नखाखालचं डिझेल बघा. वास घ्या हवं तर. आणि आता भाऊजींचाही अंगठा बघायला आत चला. ते सकाळपासून मला तो दाखवत नाहीयेत.