आभाराची खुर्ची

तो दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात पंख्याचं खोकं होतं आणि माझ्या हातात फूल. आता तुम्हीच सांगा, माझी काय चूक?

आमच्या महिला मंडळाची एक पद्धत आहे. देणगी देणाऱ्याला हॉलच्या मधोमध हातांच्या खुर्चीत बसवायचं, फूल द्यायचं, चार शब्द बोलायचे आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या दिवशी शिवणवर्गाला पंखे मिळणार होते आणि आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. मी त्याला आग्रहानं खुर्चीत बसवलंच.

"अहो, पण मी..."

"काही बोलू नका. मोठ्या मनाची माणसं असंच म्हणतात!"

आणि मी सुटले. त्याचं औदार्य काय, साधेपणा काय! बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "भाषण फार छान झालं. आता शिडी कुठे लावू?"

वायरमन! पंखे बसवायला आलेला वायरमन! आणि पंखे देणाऱ्या बाई मागच्या बाकावर पोट धरून हसत होत्या. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पंखे बसवून झाल्यावर त्यानं फूल काही परत केलं नाही. खिशात अडकवत म्हणाला, "फुकटचे आभार घेतले, आता काहीतरी करायला हवं. मला सभासद करून घ्या."

"आम्ही फक्त बायकांनाच घेतो."

"मग आमच्या घरात आहेत की!"

पुढच्याच शनिवारी तो आईला घेऊन आला. मग वहिनीला, मग काकूला. नवे सभासद जोडायचं काम माझंच, त्यामुळे तो माझ्यासमोर येऊन बसायचा. मी त्यांना मंडळाची माहिती सांगायची, त्या ऐकायच्या आणि हा माझ्याकडे बघत राहायचा. मी मान वळवली की लगेच नजर वर.

"पंखा आवाज करतो का हो?"

"अजिबात नाही."

"तरी बघून घेतो."

त्याच्या आत्यानं तर मला कोपऱ्यातच घेतलं. "काय गं पोरी, गुडघे दुखतात म्हटलं तरी मला जिने चढायला लावले यानं. समाजसेवेचं एवढं वेड याला कधी लागलं?" आणि माझ्या गालावर टिचकी मारून गेली.

मला तो आवडायला लागला होता. खोटं कशाला बोलू? शनिवार आला की माझं आरशासमोरून पाऊल निघत नसे. मंडळ वाढत होतं, अध्यक्षबाई माझं कौतुक करत होत्या, आणि माझा जीव मात्र खालीवर... याच्या घरातल्या बायका संपल्या तर?

बहीण झाली. मावशी झाली. आणि एका शनिवारी तो एकटाच आला. बाहेर पाऊस होता, केसांतून पाणी निथळत होतं.

"आज कोणाला आणलंत?"

"कोणालाच नाही. संपल्या सगळ्या."

"अगदी... सगळ्या?"

"तसं एक नातं राहिलंय." तो ओला रुमाल पिळत बसला, जमिनीवर पाणी सांडतंय याचंही भान नाही. "बायको. पण ती अजून मिळायचीय. तिला विचारायचं कसं, तेच कळत नाही... आणि नाही म्हणाली, तर इथं यायचं तोंडच राहणार नाही."

शिवणयंत्रांची घरघर एकाएकी थांबली. मेल्या सगळ्या कान टवकारून बसल्या होत्या! एरवी मी अखंड बडबडी, पण आता समोरची सभासदांची वही नुसतीच मिटली.

"तिला नाही करता येणार सभासद," मी कसंबसं म्हटलं.

त्याचा चेहरा एवढासा झाला. "का?"

"ती... आधीपासूनच सभासद आहे."

त्याला कळायला क्षणभर लागला. मग तो असा हसला की मला रडूच आलं.

"अगं बायांनो, बघत काय बसलात?" अध्यक्षबाई मागून ओरडल्या. "बसवा त्याला खुर्चीत!"

फूल नव्हतं. भाषणही नव्हतं. मी नुसती त्याच्या शेजारी उभी राहिले, आणि त्यानं सगळ्यांदेखत माझा हात धरला. टाळ्या थांबता थांबेनात. या वेळी खुर्चीत माणूस बरोबर होता.