ताजणे काकांची गाळणी

ताजणे काकूंना डायलिसिस केंद्रात यायचं आता तसं काही कारण उरलं नव्हतं. ज्यांच्यासाठी त्या इतकी वर्षं डबा घेऊन यायच्या, ते काका दिवाळीनंतर गेले. तरी संक्रांत उलटल्यावर काकू पुन्हा येऊ लागल्या. आल्या की प्रणिता ताथोडच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसत आणि यंत्राच्या कडेला अडकवलेल्या पारदर्शक नळकांड्यावर हळूच तळहात ठेवत. नळकांडं कोमट असे. त्यातून प्रणिताचं रक्त जाई आणि साफ होऊन परत येई.

त्यात काका आहेत, असं काकूंचं म्हणणं नव्हतं. तेवढ्या त्या भाबड्या नव्हत्या. पण त्यात काकांचं काहीतरी होतं, आणि हे कोणालाच नाकारता येत नव्हतं.

जुन्या गाळणीत नुसते केसासारखे बारीक, पोकळ, प्लास्टिकचे धागे असत. धाग्यांच्या आतून रक्त वाहायचं, बाहेरून औषधी द्रावण, आणि रक्तातली घाण त्या द्रावणात उतरायची. नव्या सजीव गाळणीत त्याच धाग्यांना आतून मूत्रपिंडाच्या जिवंत पेशींचं अस्तर लावलेलं होतं. अस्तर म्हटल्यावर प्रणिताला लगेच समजलं, कारण तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. ह्या पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या, कोणत्याही शरीराला चालतील अशा. पण ज्याच्या रक्तात राहतील त्याच्याकडून त्या शिकत. काय ठेवायचं, काय टाकायचं, कशाने त्रास होतो, हे हळूहळू त्यांच्या अंगवळणी पडे. गाळणी मुरायला वर्ष-दीड वर्ष जाई. श्रीमंत देशांत माणूस गेला की त्याची गाळणीही नष्ट करत. आपल्याकडे मुरलेली वस्तू फेकायला जीव होत नाही. इथे ती अलगद धुऊन पुढच्याला देत. काकांची गाळणी कोणाला द्यायची असं विचारलं, तेव्हा काकूंनीच शेजारच्या खुर्चीतल्या प्रणिताकडे बोट दाखवलं होतं.

प्रणिताचा त्यानंतरचा पहिला महिना सुखाचा गेला. तोंडाला चव आली. जिना चढताना धाप लागेना. डायलिसिसनंतरचा दिवस अंथरुणात जायचा, तो आता शिलाई मशीनवर जाऊ लागला. लग्नसराईची कामं तिने पुन्हा अंगावर घेतली, आणि मुलीच्या बारावीच्या क्लासचं आता निभेल असं नवऱ्याला ठासून सांगितलं.

मग एके दिवशी गाळणी मिटली. दुसरा शब्दच नाही. चांगलं चाललेलं असताना आतले धागे आवळले, यंत्र ओरडायला लागलं, आणि त्याच क्षणी प्रणिताच्या पाठीतून हुडहुडी निघाली. हुडहुडीचं काही वाटलं नसतं. पण तिच्याबरोबर भीती आली. खोलीत घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, पंखा फिरत होता, कोणीतरी फोनवर कापसाचा भाव विचारत होतं, आणि प्रणिताला मात्र आपण आता मरणार असं वाटत होतं. ती भीती आपली नाही, हेही तिला कळत होतं. घरात कोणी अनोळखी माणूस येऊन बसावं, तशी ती छातीत येऊन बसली होती.

तंत्रज्ञ वाहुळेंनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आठवड्याने पुन्हा तेच. मग आणखी एकदा. गाळणी बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने बंगळुरात बसून सगळं तपासलं आणि निदान दिलं. पेशींमध्ये आधीच्या रुग्णाची सवय घट्ट बसली आहे, त्या कारण नसताना आवळतात आणि घाबरल्यासारखं वाटायला लावणारं द्रव्य रक्तात सोडतात. गाळणी सदोष आहे. आम्लाने धुवा, म्हणजे पेशी मरतील. रुग्णाचं नाव नव्या गाळणीसाठी यादीत घाला आणि तोवर प्लास्टिकवर ठेवा.

तोवर म्हणजे किती, ते निदानात लिहिलेलं नव्हतं. प्रणिताला मात्र प्लास्टिकचे दिवस नीट आठवत होते. त्या दिवसांत तिच्याकडे शिवायला आलेली कापडं लोक तशीच परत घेऊन गेले होते. तिने कंपनीकडे रदबदली करायला सांगितलं, वाहुळेंनी केलीही, पण हुकूम बदलला नाही. आजचं शेवटचं डायलिसिस झालं की गाळणी धुवायची होती. आम्लाची बाटली टेबलावर आणून ठेवलेली होती, आणि काकूंना ती कशाची आहे हे माहीत होतं.

त्या दिवशी काकूंनी नळकांड्यावर हात नेहमीपेक्षा लवकर ठेवला.

डायलिसिस निम्मं झालं असेल. काकूंचा हात एकदम दचकला. यंत्र ओरडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आवळलं बाई. त्याईचा हात असाच आवळायचा."

पाठोपाठ यंत्र ओरडलं. प्रणिताला हुडहुडी भरली, दात वाजायला लागले, आणि तिच्या तोंडून शब्द निघाले, "आज पानी कुठचं हाय?"

काकूंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. वाहुळे जागीच थबकले.

हा प्रश्न त्या खोलीने शेकडो वेळा ऐकला होता. काकांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा, आणि गळाही त्याच जातीचा. मधूनच त्यांना थंडी वाजायची आणि ते खोली दणाणून सोडत विचारायचे, आज पानी कुठचं हाय? लोक हसायचे. काकांचं चाललंय आपलं, म्हणायचे. वाहुळे यंत्राकडे बोट दाखवायचे, पाणी शुद्ध आहे काका, दिवा हिरवा आहे. प्रणिता आपली शाल त्यांच्या पायांवर टाकायची. शेवटच्या दिवशीही तीच शाल त्यांच्या अंगावर होती. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि डायलिसिसवरच्या माणसाचं हृदय बंद पडलं की पुढे कोणी फारसं विचारत नाही.

"वाहुळे सर," प्रणिता कापतच म्हणाली, "खरंच, कुठलं आहे?"

सकाळपासून टँकरचं होतं. गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळाचा भरवसा नाही. नळ आला की एक टाकी भरून ठेवायची, ती संपत आली की दुसऱ्या टाकीत टँकर रिता करायचा. आज नळाच्या टाकीत एखाद्या यंत्रापुरतं शिल्लक होतं. वाहुळे मागे गेले आणि त्यांनी प्रणिताच्या यंत्रापुरती तोटी तिकडे फिरवली. काही मिनिटांत नळाचं पाणी यंत्रापर्यंत पोहोचलं, आणि गाळणी उलगडली. प्रणिताचे दात वाजायचे थांबले. खात्री करायची तर टँकरचं पाणी पुन्हा एकदा सोडावं लागणार होतं. वाहुळेंनी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मानेनेच हो म्हटलं. पाणी आलं तशी गाळणी पुन्हा मिटली. त्यांनी घाईघाईने नळाची तोटी उघडली आणि खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

मग त्यांनी सांगितलं, पण ते तिला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. टँकरवाले पाण्यात हात सैल सोडून जंतुनाशक टाकतात. ते पाणी गाळणाऱ्या कोळशाच्या टाकीत अडायला पाहिजे. तो कोळसा बदलायची मागणी कधीची पडून आहे. यंत्राला पाण्यातले क्षार कळतात, हे जंतुनाशक कळत नाही. ते ओळखायच्या रंगीत पट्ट्या यायच्या, त्याही बंद झाल्या. दिवा हिरवाच राहतो, आणि आत रक्तातल्या पेशी फुटत राहतात.

"म्हंजे ते खरं सांगत होते," काकू म्हणाल्या.

गाळणी सदोष नव्हती. ती भाजलेली होती. काकांच्या रक्तात राहून ती पुन्हा पुन्हा पोळली होती, आणि आता त्या पाण्याचा मागमूस लागला तरी दार लावून घेत होती.

प्रणिताने मान वळवली. भिंतीपर्यंत खुर्च्यांची रांग होती. सगळे प्लास्टिकच्या गाळणीवर, आणि प्लास्टिकला कशाचीच भीती वाटत नाही. एक म्हातारा गोधडी हनुवटीपर्यंत ओढून पडला होता. त्याच्या पलीकडच्या बाईचे ओठ निळसर दिसत होते. सगळ्या यंत्रांचे दिवे हिरवे होते.

तिने हाक मारायच्या आत वाहुळे उठले होते. त्यांनी टँकरची तोटी बंद केली, मग एकेक यंत्र थांबवत रांगेच्या टोकापर्यंत गेले. लोक कुरकुरले. अर्धवट साफ झालेलं रक्त घेऊन घरी जायचं म्हणजे काय, आणि परत कधी यायचं, असं विचारू लागले. एकाने वाहुळेंना शिव्याही दिल्या, त्या त्यांनी ऐकून घेतल्या.

कंपनीला कळवलं. तासाभरात उत्तर आलं. पाण्याची बाब केंद्राची आहे, कंपनीची नाही. गाळणी ठरल्याप्रमाणे नष्ट करावी. नव्या जातीच्या पेशी लवकरच येत आहेत, त्या प्रत्येक वापरानंतर मागचं सगळं विसरतात, त्यामुळे अशी तक्रार पुन्हा येणार नाही. वाहुळेंनी ते मोठ्याने वाचलं आणि आम्लाच्या बाटलीकडे पाहिलं.

"मले हीच पायजे," प्रणिता म्हणाली. "घाबरणारी."

हुकूम मोडला तर नोकरीवर गदा येईल, हे वाहुळेंना माहीत होतं. त्यांनी बाटली उचलली, कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात टाकली. बाटली किती दिवस तिथे राहील, हे त्या तिघांपैकी कोणीच सांगू शकत नव्हतं.

सुया काढल्यावर प्रणिताने दंडावरच्या पट्टीवर बोट दाबून धरलं. डायलिसिससाठी शस्त्रक्रिया करून रक्तवाहिन्या जोडल्या होत्या तिथे हात कायम थरथरत असे, शिलाई मशीन दूरच्या खोलीत चालू असावी तसा. काकू अजून गाळणीपाशीच होत्या. त्यांनी नळकांड्यावर पदर टाकला होता, आणि त्यांना कोणी हटकलं नाही.

"त्याईले लय भेव वाटलं असंल का वं, पोरी?" त्यांनी विचारलं.

किती वाटलं होतं, हे जगात फक्त प्रणिताला माहीत होतं. ती खोटं बोलली. नाही काकू, म्हणाली, थोडी थंडी वाजली असेल. काकूंनी मान हलवली, पण गाळणीवरचा हात काढला नाही.

प्रणिताने हात कानाशी नेला आणि ती थरथर ऐकत बसली. आजची तिची भीतीही आता त्या अस्तरात मुरली असणार, काकांच्या भीतीच्या शेजारी. उद्या ती नसेल तेव्हा गाळणी तिसऱ्या कोणाच्या वाट्याला जाईल. एखाद्या दुपारी तो माणूस कारण नसताना कापायला लागेल, दिवा हिरवा असेल, लोक हसतील. तेव्हा उठून मागच्या टाकीपर्यंत कोणी जाईल का?