खारगीचा काळपऱ्या

खारगी सरोवरातला काळपऱ्या हा स्वतंत्र जातीचा मासा आहे, की नेहमीच्याच लालपोट्या माशाचं खुरटलेलं पिल्लू, याचा निकाल लावायला ग्लेब आणि रिम्मा निघाले होते. जात वेगळी ठरली तर सरोवर वाचणार होतं. नाही तर खाणवाले त्यात गाळ सोडायला टपलेलेच होते. ग्लेब म्हणे, जात वेगळी. रिम्मा म्हणे, पिल्लूच. एकाच संस्थेतले दोघे या माशावरून वर्षानुवर्षं भांडत आले होते. वाट दाखवायला झाखर होता, सैबेरियातल्या एवेंकी जमातीचा म्हातारा शिकारी. सोबत त्याची रेनडिअरची घसरगाडी.

मासे मिळाले. बर्फाबाहेर काढताच ते लाकडासारखे कडक झाले. तपासणी घरी गेल्यावर!

पण परतताना नदीनं दगा दिला. कडाड्! बर्फ फाटला. रेनडिअर, गाडी, पीठ, तंबू, सगळं काळ्या पाण्यात! ग्लेबही कमरेपर्यंत बुडाला. झाखरनं त्याला मानगुटीला धरून ओढून काढलं. उरली फक्त ग्लेबच्या पाठीवरची माशांची पिशवी.

दोन दिवस ते उपाशीच चालले. मग झाखरनं पिशवी उघडली.

"काका, हा पुरावा आहे!" ग्लेब ओरडला.

"पुरावा तुझ्या थडग्यावर ठेवू का? खा मुकाट्यानं!"

रोज प्रत्येकाला एक मासा. रिम्मानं आपल्या माशाचं पोट चिरलं आणि तिचा हात थांबला. वीतभर मासा, पण आत पिकलेली, टपोरी अंडी. हे पिल्लू नव्हतं. ही आई होती!

"काय निघालं गं पोटात?" पलीकडून ग्लेबनं विचारलं.

"काही दिसलं नाही," असं म्हणून तिनं घास गिळला. एका माशावरून काय ठरतं, असं तिनं स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशीही अंडीच निघाली. त्या दिवशी तर तिनं मान वरसुद्धा केली नाही.

ग्लेबचे भिजलेले पाय गारठून काळे पडले होते. खायच्या वेळी तो पाठ फिरवून बसे. "हरलेल्या बाईचं तोंड बघवत नाही," म्हणून चिडवी. मासे खायला लागल्यापासून चौथ्या सकाळी तो उठलाच नाही.

त्याचा कोट आपल्या अंगावर घ्यावा म्हणून रिम्मानं बटणं सोडली. आत मासे होते. त्याच्या वाट्याचे सगळे, जसेच्या तसे. एकाचाही तुकडा मोडलेला नव्हता.

झाखरनं एक मासा हातात घेऊन उलटून पाहिला. "मूर्खा... अरे, कोणासाठी?"

रिम्माला माहीत होतं कोणासाठी. तिला पटावं म्हणून. तिला तर केव्हाच पटलं होतं!

"एक काढ," झाखर म्हणाला. "आपल्याला अजून खिंड चढायची आहे."

"मला घास नाही जाणार, काका."

"जाईल. तो नाही म्हणाला, त्याचं काय झालं बघ. खा, पोरी!"

तिनं खाल्लं. रडत, चावत, हाडांसकट. ग्लेबला त्यांनी दगडांखाली झाकलं आणि उरलेले मासे घेऊन खिंड चढले. पलीकडे वस्तीचा धूर दिसला तेव्हा ती हातापायांवर रांगत होती.

त्या माशांच्या कल्ल्यांनी आणि अंड्यांनी निकाल लावला. जात वेगळी! खाणवाल्यांना खारगी सोडावं लागलं.

संस्थेच्या सभेत टाळ्या वाजल्या. कुणीतरी कौतुकानं विचारलं, "बाई, तुम्ही तर कट्टर विरोधक. तुम्हाला नेमकं पटलं केव्हा?"



"पहिल्याच घासाला," रिम्मा म्हणाली. "तेव्हा ग्लेब जिवंत होता."