धुडकूचा वाटा

लखन, दात काढू नको. सुकलाल माझ्या शेजारच्या मागावर होता, एका ताटात जेवलोय आम्ही. पुढे त्यानं माग सोडून टेम्पो धरला.

साल शहाण्णव. कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार, रात्रीचे साडेनऊ. सुरतेच्या कतारगामची आपली सगळी खान्देशी माणसं तापीवर गेलेली, म्हणून सुकलालच्या बिल्डर शेठनं नेमकी तीच वेळ धरली. कामरेजकडच्या एका तळ्यात पाडकामाचा राडारोडा ओतायचा, तळं बुजवायचं, वर प्लॉट पाडायचे. गोडं पाणी होतं ते, तीन गावांची गुरं त्यावर जगायची. सुकलालचा चुलतभाऊ धुडकू त्याची राखण करायचा. पगार नाही, काही नाही, येडच लागलं होतं त्याला. टेम्पो आला की आडवा उभा राहायचा.

आठ दिवस आधी असाच उभा राहिला. शेठ म्हणाला, "घाल अंगावर." सुकलालनं रिव्हर्स मारला. मांडीचं हाड मोडलं ते त्यानं ऐकलं. धुडकू जिवंत होता, हात वर करत होता, तशातच अख्खी खेप त्याच्यावर ओतली. घरी सांगितलं, धुडकू खान्देशात गेला.

तर त्या सोमवारी सुकलाल एकटाच निघाला. बायकोनं, इंदुबाईनं, फडक्यात रोट बांधून दिलेला. तुम्ही सुरतेत जन्मलेली पोरं, तुम्हाला काय ठाऊक? कानबाईच्या प्रसादाची ती जाड पोळी भाऊबंदांतच वाटायची. परक्याला तुकडा नाही, आणि भाऊबंदानं मागितला तर नाही म्हणायचं नाही.

तळ्यावर त्यानं टेम्पो मागे घेतला. अडला. पुन्हा घेतला. हलेना.

मग खिडकीशी आवाज आला, आपल्या अहिराणीत.

"भाऊ... मना वाटाना रोट कोठे शे?"

आवाज धुडकूचा होता, आपला वाटा मागत होता. जन्माची सवय. हात आपसूक फडक्याकडे गेला. त्यानं तुकडा मोडून पुढे केला.

इथंच चुकला. रोट दिला म्हणजे भाऊ मानला.

मनगट धरलं. थंडगार हात होता तो. खिडकीतूनच ओढला. अर्धी चढवलेली काच फुटली... खांदा निखळला. डोकं पत्र्यावर आपटलं. एकदा. पुन्हा.

"चाल. हात लाव."

आणि मग...

...

हर्षदा, पाणी दे जरा.

सकाळी मीच शोधायला गेलो. सुकलाल काठावर बसलेला. दहाही बोटं झिजून हाडं बाहेर आलेली. पुढे तीन वर्षं जगला, पण स्वतःच्या हातानं घास उचलला नाही. हे सगळं त्यानंच मला सांगितलं, आणि मी चौकीत गेलो नाही. भ्यालो. धुडकूच्या खुनाचं पाप माझ्याही माथी आहे.

तळं मोकळं होतं. भर श्रावणात तळ दिसेल इतकं नितळ. तळाशी कोणी नव्हतं. शंभर खेपांचा राडारोडा एका रात्रीत बाहेर निघून तळ्याभोवती बांधासारखा रचलेला. तो बांध अजून आहे, आणि तिथं टेम्पो न्यायची कुणाची छाती झालेली नाही.

मी वाकून एक दगड पाहिला. मग दुसरा. मग कितीतरी. प्रत्येकाच्या एका बाजूला सुकलालच्या रक्ताची बोटं उमटली होती... आणि दुसऱ्या बाजूला ओल्या गाळाची.