साडूची भिंत

जवळ सरका, आणि मधे बोलायचं नाही. ऐकीव नाही हे. माझ्याच टोळीतल्या मिस्त्रीचं झालंय.

बोगद्याची डावी भिंत ट्रकनं फोडली होती. पहाटे पाचला रस्ता सुरू करायचा, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. सिमेंट-वाळूचा माल हवेच्या जोरावर नळीतून भिंतीवर मारायचा. चिकटतो आणि बघता बघता दगड होतो. रोजचंच काम. पण समोरची उजवी भिंत त्याच्या साडूनं दुरुस्त केलेली, आणि साडू जाऊन सहा महिने झालेले.

गेला तरी डोळ्यांत सलायचा. बायको उठता-बसता भाऊजींचं कौतुक करायची, सासूचं तर विचारूच नका. वर साहेब म्हणाला होता, "त्याच्या हाताची सर तुला नाही. सकाळी भिंत बघतो, मग हेडमिस्त्री करायचं का ते ठरवू." मिस्त्रीचा नुसता जळफळाट.

गुरुवारची रात्र. दोन वाजायला वीस मिनिटं होती. माल मारून झाला, माणसं चहाला बाहेर गेली. मिस्त्री हातोडी घेऊन उठला, पण स्वतःची भिंत तपासायला नाही. साडूची! ठोकल्यावर भरीव भिंत ठण्ण वाजते, पोकळ असली तर बद्द. बद्द वाजेल तिथं खडूनं गोल करायचा, सकाळी तेवढं फोडतात. त्यानं वरपासून खालपर्यंत ठोकलं. सगळीकडे ठण्ण. मेल्यानं बोटभर जागा सोडली नव्हती. मग यानं चांगल्या भिंतीवर खोटाच गोल ओढला. फोडू देत, म्हणाला. जाऊ दे नाव मातीत.

पाठीमागे आवाज झाला.

बद्द.

वळला. कुणी नाही... आवाज डाव्या भिंतीतून. आतून. बद्द... बद्द... वीत-वीत पुढे सरकत. सावकाश. कुणीतरी तपासत होतं.

"साडूभाऊ...?"

थांबला आवाज.

मिस्त्री हातोडी टाकून पळाला.

सकाळी साहेबानं डावी भिंत ठोकली. सगळी पोकळ. याचं लक्ष रात्रभर समोर. भिंतीवर साचलेला चुरा न झाडता त्यावरच माल मारत सुटला होता. हेडमिस्त्री व्हायचं तिथंच संपलं. सगळा थर पोरांनी फोडून काढला.

एक तुकडा निघेना. भिंतीतून बाहेर आलेला माणसाचा पंजा, सिमेंटचाच, पाची बोटं उघडी. दोन छिन्न्या मोडल्या त्यावर. शेवटी साहेबानं हातोडी मारून बघितली.

ठण्ण.